आधी ‘निर्मळ’ लिहून पाहा

दारावरची नावाची पाटी संगणकावर स्वतःच करायची, असं तुम्ही ठरवलंय. अभिनंदन. त्यासाठी लागतं काय? एक संगणक, फोटो एडिटिंगचं एखादं सॉफ्टवेअर आणि एक रविवार. शक्यतो रेल्वेच्या मेगाब्लॉकचा रविवार निवडावा. नाहीतरी विरारहून कुठे जाणं होणार नसतं.

कुठलं सॉफ्टवेअर, यावर मित्रमंडळी तासभर बोलतील. ऐकून सोडून द्या. फोटोशॉप १९९० पासून आहे आणि त्याचे पैसे पडतात. गिंप फुकट आहे. शेजारचा मुलगा मोबाइलवर दोन मिनिटांत करून देतो म्हणेल. त्याला चहा पाजा आणि घरी पाठवा.

नवी फाइल उघडा. बारा बाय सहा इंचांची पाटी इंचाला ३०० पिक्सेल धरून छापायची, तर ३६०० आणि १८०० हे आकडे भरायचे. नवशिके ते भरत नाहीत, स्क्रीनवर पाटी झकास दिसली की खूश होतात, आणि छापून आल्यावर आडनावाच्या कडांना जिन्यासारख्या पायऱ्या दिसतात.

आता अक्षरं. इथे वसईकर फसतात. ‘वसई’ टाइप केलं की तीन अक्षरं निमूट रांगेत उभी राहतात, कारण त्यात मोडण्यासारखं काही नाहीच. ‘नायगाव’ही निभावून जातं. खरी परीक्षा विरारला. युनिकोडमध्ये ‘वि’ साठवताना आधी व येतो आणि मग वेलांटी. ती उचलून व-च्या अलीकडे नेऊन ठेवणं हे सॉफ्टवेअरचं काम. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्या ते आपणहून करत नाहीत. मग वेलांटी व-ला सोडून पुढच्या र-च्या गळ्यात पडते. अर्नाळ्याचा रफार डोक्यावर न चढता पाय मोडलेला र होऊन मध्येच उभा राहतो. म्हणून कुठलंही सॉफ्टवेअर हाती आलं की पहिल्यांदा ‘निर्मळ’ लिहून पाहावं. वेलांटी आणि रफार, दोन्ही एकाच शब्दात; इतकी कडक परीक्षा घेणारं गाव वसई तालुक्यात दुसरं नसावं. गिंप सहसा पास होतं. जुन्या फोटोशॉपमध्ये एडिट, प्रेफरन्सेस, टाइप या वाटेने जाऊन दक्षिण आशियाई लिप्यांचा पर्याय निवडायचा आणि मग नवी फाइल घ्यायची, कारण आधी उघडलेल्या फाइलला तो लागू होत नाही. ही वाट ठाऊक नसल्यामुळेच कित्येक पाट्या इंग्रजीत झाल्या असाव्यात, असा माझा संशय आहे.

तुमचं आडनाव पाटील किंवा म्हात्रे असेल तर पुढचा परिच्छेद सोडा.

फर्नांडिस, लोपीस, डिमेलो मंडळींनी मात्र थांबावं. लोपीस की लोपेस? डिमेलो की दिमेलो? इंग्रजीत D नंतर येणारा तो वरचा स्वल्पविराम देवनागरीत ठेवायचा की वसईतून गेलेल्या पोर्तुगिजांबरोबर १७३९ सालीच परत पाठवला असं धरायचं? नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो हेच नाव लावून २०२० साली मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि त्या स्वल्पविरामावाचून कुणाचं काही अडलं नाही. मात्र मोठ्या काकांच्या पाटीवर काय लिहिलंय ते आधी पाहून या. भावाभावांच्या दोन दारांवर एकाच आडनावाची दोन रूपं दिसली की बँकेच्या आधी नातेवाईक चौकशी करतात.

नावांच्या क्रमापुढे सॉफ्टवेअरचं काही चालत नाही. १ मे २०२४ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळाचं नाव सरकारी कागदांवर आधी स्वतःचं, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असं लिहायचं, हे राज्य सरकारने ठरवून दिलंय. दारावरच्या पाटीला तो नियम नाही. पण सूनबाई तो काढतील, सासूबाई ‘आमच्या वेळी’ म्हणतील, आणि तुम्ही तोवर फाइल सेव्ह करत राहा.

पत्ता घालणार असाल तर जिल्ह्याला वेगळा लेयर द्या. रंगाने लिहिलेल्या जुन्या पाट्यांवर ‘जि. ठाणे’ असं दिसतं. वसई-विरारची महानगरपालिका ३ जुलै २००९ ला झाली, पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला. आणखी काय काय होईल सांगता येत नाही. लेयर वेगळा असला की नुसता त्याच्यासमोरचा डोळा बंद करायचा.

इफेक्ट्स या कप्प्यात नवशिक्याने एकट्याने जाऊ नये. सावली, उठाव, चकाकी, बाहेरची किनार हे सगळं वाढदिवसाच्या फ्लेक्ससाठी असतं. तिथे शुभेच्छुकांचे चेहरेही असतात. नालासोपाऱ्यात १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींना अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा सापडला. बावीसशे वर्षांपूर्वीची ती अक्षरं, ना सावली ना चकाकी, आणि तरी वाचता आली. अर्थात अशोकाला सोसायटीच्या जिन्यातल्या झिरो बल्बखाली वाचून घ्यायचं नव्हतं, हेही खरं. तेव्हा अक्षर ठसठशीत घ्या आणि मागचा रंग फिका ठेवा.

शेवटी फाइल पीडीएफ करून स्टेशनजवळच्या छपाईवाल्याकडे न्या. व्हॉट्सॲपवर पाठवायचीच झाली तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो म्हणून नाही. नाहीतर वाटेतच तिचे निम्मे पिक्सेल गळतात. छपाईवाला ती उघडेल, मान हलवेल, बाजूला ठेवेल आणि तुमचं नाव स्वतःच्या कोरलड्रॉमध्ये, स्वतःच्या जुन्या फॉन्टमध्ये नव्याने टाइप करेल. वेलांटी अचूक बसेल. वर एक गणपती किंवा क्रूस आणि चारही बाजूंनी सोनेरी वेलबुट्टी तो न विचारता घालेल. घरात सगळ्यांना तीच आवडेल. तिचे पैसे वेगळे.