जल, तरु, तृण आणि पुट्टी

सांगलीत घराचा भाव दोन आकड्यांवर ठरतो. समोरचा रस्ता किती फुटी आहे, हा पहिला. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ किती फूट झाले की पाणी आपल्या उंबऱ्याला लागतं, हा दुसरा. पहिला आकडा एजंट न विचारता सांगतो. दुसरा शेजारी सांगतात, तोही वास्तुशांतीच्या पंगतीत, मठ्ठ्याचा दुसरा ग्लास संपवता संपवता. ‘पाचला इथं लाइटच्या बटणापर्यंत होतं. एकोणीसला तर विचारूच नका, अण्णा!’ अण्णांनी खरोखरच विचारलेलं नसतं. खरेदीखताची नोंदणी होऊन महिना झालेला असतो.

पाण्याबाबत सांगली अडाणी आहे, असं कुणी म्हणू नये. 1929 साली सुरू झालेल्या त्या पुलापाशी 40 फुटांना इशारा आणि 45 फुटांना धोका, हे इथलं शेंबडं पोरही सांगतं. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णा 57 फुटांच्या वर गेली. 2005 आणि 2021 सालीही तिनं धोक्याची पातळी सहज ओलांडली. दत्तनगर, सूर्यवंशी प्लॉट, कर्नाळ रोड या भागांतल्या माणसाला झोपेतून उठवलं, तरी तो आपल्या घराचा आकडा इंचासकट सांगेल. घर विकायला काढलं की मात्र त्याच माणसाला स्मृतिभ्रंश होतो. शेजाऱ्यांनाही त्याची लागण होते आणि नवा मालक राहायला आला की सगळे एकदम बरे होतात.

खरेदीखत लिहिणाऱ्यांची नजर खरं तर फार बारीक. चतुःसीमा लिहितात, बोजा नाही म्हणतात आणि मिळकत ‘जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप’ यांसह देऊन टाकतात. परसात मोहरांचा हंडा सापडला तर तो कुणाचा, याची चिंता मिटलेली असते. न्हाणीघरामागच्या ओलीचा वारस कोण, ते मात्र कुठंच लिहिलेलं नसतं. अर्थात ‘जल’ यादीत पहिलंच आहे. विकणाऱ्याच्या वकिलानं उद्या त्याच शब्दावर बोट ठेवलं, तर नवल वाटायला नको.

कायदा घेणाऱ्याला अगदीच वाऱ्यावर सोडत नाही. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं 55वं कलम सांगतं, की विकणाऱ्याला ठाऊक असलेला, घेणाऱ्याला ठाऊक नसलेला आणि साधारण काळजी घेऊनही त्याच्या लक्षात न येणारा मोठा दोष असेल, तर तो सांगितलाच पाहिजे. गोम त्या साधारण काळजीत आहे. कारण विकणारा छातीठोकपणे विचारतो, ‘अहो, आख्ख्या महाराष्ट्रानं टीव्हीवर बघितलं. मी आणि वेगळं काय सांगायचं?’ युक्तिवाद निर्लज्ज आहे. कच्चा मात्र नाही.

अमेरिकेत हे कोडं भुतांवरून सुटलं. न्यूयॉर्क राज्यातल्या न्याक गावच्या एका मालकिणीनं आपल्या घरात भुतं असल्याचं ‘रीडर्स डायजेस्ट’मध्ये छापून आणलं होतं. बाहेरगावच्या गिऱ्हाइकाला मात्र सांगायचं राहिलं. 1991 साली अपील न्यायालयानं ते घर कायद्यापुरतं भुताटकीचं ठरवलं आणि घेणाऱ्याला सौदा मोडायची वाट मोकळी करून दिली. माणूस कितीही चौकस असला, तरी घर बघताना भुतं कुठून तपासणार? सांगलीकर घेणाऱ्याचं दुर्दैव असं, की त्याच्या घरात भूत नाही, पाणी आहे, आणि पाणी भिंतीवर सही करून जातं.

ती सही पुसायला पुट्टी असते. न सांगणं वेगळं आणि मुद्दाम झाकणं वेगळं, हा फरक न्यायालयाला कळतो. म्हणूनच विकणारा सांगतो, रंग दिवाळीचा होता. दिवाळी झाली हे तर खरंच!

साताऱ्यात नदी दारात येत नाही, म्हणून तिथल्या घेणाऱ्यानं निश्चिंत राहू नये. जुनं शहर अजिंक्यताऱ्याच्या उतारावर वसलेलं आहे आणि पावसाळ्यात डोंगराचं पाणी मागच्या भिंतीतून आत डोकावतं. तड्यांसाठी सातारकरांकडे अस्सल ऐतिहासिक कारण आहे. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. त्यात जवळपास 180 माणसं गेली, पाटण तालुक्यात घरंच्या घरं कोसळली. तेव्हापासून ‘कोयनेच्या वेळची चीर हाय ती’ एवढं म्हटलं, की भिंतीला वारसास्थळाचा मान मिळतो. इमारत 1998 ची असली, तरी हे सांगताना कुणाची जीभ अडखळत नाही. सांगलीच्या शामरावनगरात तोच मान काळ्या मातीला. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि पाया बिचारा तिच्यासोबत वर्षभर कवायत करत राहतो.

बिल्डरांसाठीच्या रेरा कायद्याचं काय? नवा फ्लॅट बिल्डरकडून घेतला असेल, तर ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाल्यास त्यानं तो तीस दिवसांत फुकट दुरुस्त करायचा असतो. निवृत्त गुरुजींकडून जुना बंगला घेतला असेल, तर गुरुजी काही बिल्डर नव्हेत. मग दिवाणी न्यायालय. तिथल्या तारखा पाहिल्या, की घेणारा वकिलाचा नाद सोडून रंगाऱ्याला फोन करतो.

काही हुशार मंडळी आता घर बघण्याआधी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात जातात आणि तांदळाची पोती माळ्यावर कधी चढवता, एवढंच विचारतात. दुकानदाराला त्या जागेत कमिशन नसलं, तर उत्तर फुटांत मिळतं. त्याहून हुशार असतात ते जुलैमध्येच घर दाखवा म्हणून अडून बसतात. त्यावर एजंट पंचांग काढतो. ‘आषाढात कुठं वास्तू बघतात व्हय? मग चातुर्मास, मग पितृपक्ष. दसऱ्याला या, साहेब, मुहूर्त बी चांगला आणि तोवर रंग बी वाळतोय.’