कुंपण आधी द्राक्षांना

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात घरच्या पोहण्याच्या तलावाला निदान १.२ मीटर उंच कुंपण लागतं आणि दर ४ वर्षांनी त्याची तपासणी होते. कुंपणालगत खुर्ची दिसली तरी नापास; पोर चढेल ना! आपल्याकडे कुंडल गावच्या शिवारात असला जाच नाही. पाखरांपासून द्राक्षं राखायला जाळी, ऊस राखायला काटेरी तार. शेततळं मात्र बऱ्याचदा उघडंच. अस्तराचा प्लॅस्टिक कागद असा निसरडा, की पट्टीचा पोहणाराही काठाशी येऊन घसरतो. गाठी मारलेला एक दोर पाण्यात सोडला तरी भागतं. पण अनुदानाच्या फोटोत दोर शोभत नसावा. २०१६ साली राज्य सरकारनं ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना आणली. कुंपण मागायचं राहून गेलं, आणि बुडणाऱ्याला ऑनलाइन अर्ज भरायला सवड मिळत नाही.