चामराजपेट ते पन्हाळा

पावसाळा लागला की पुण्याचा भाचा पन्हाळा ते पावनखिंड चालून येतो आणि चिखलानं माखलेल्या बुटांचे फोटो मला बंगळुरात पाठवतो. यंदा वर विचारणाही होती : "मामा, तुमच्याकडे असलं काही नाही ना?"

आमच्या चामराजपेटेत माणसं चालतात ती कॉफीपुरती. तरी त्याला सुनावलं, की पन्हाळ्याची याहून कितीतरी लांब वाट आमच्या शेजारून जाते. १६३८ मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानानं बंगळूर घेतलं आणि ते शहाजीराजांकडे जहागिरीत आलं. त्यांची पेठ आमच्या उत्तरेला, मार्केटपलीकडे. पुढे १६७७ मध्ये शिवाजी महाराज जिंजी घेऊन पार कोल्लिडमच्या काठापर्यंत उतरले. परतीला कोलार, बंगळूर, शिरा हा वडिलांचा मुलूख, मग कोप्पळ, गदग. बेलवडीच्या लहानशा गढीत मल्लम्मानं मराठी फौजेला जवळपास महिनाभर झुंजवलं. १६७८ च्या उन्हाळ्यात स्वारी पन्हाळ्यावर पोचली. या वाटेचा टी-शर्ट अजून कुणी छापलेला नाही.

अमेरिकेत अशा गोष्टी रीतसर होतात. ॲपलाचियन ट्रेल १९३७ मध्ये पुरी झाली. पुढे तिच्याच डोंगरधारेवरून मोटारींसाठी ब्लू रिज पार्कवे आला, तेव्हा १९५२ मध्ये नैर्ऋत्य व्हर्जिनियातली सुमारे ३०० मैलांची वाट उचलून पश्चिमेला नेली. फ्लॉइड, पॅट्रिक या परगण्यांतून पाठपिशव्यावाले दिसेनासे झाले. गाडीरस्ता आला म्हणून पायवाटेला दुसरी जागा द्यायची, हे सौजन्य आपल्याला परवडणारं नाही. आपण वाटेवरच डांबर ओततो. शिऱ्याकडे आता हायवे ४८ जातो आणि त्यावर पायी दिसणारा माणूस बहुधा पंक्चर झालेला असतो.

आमची पेटही १८९२ ची, आखीव रस्त्यांची. पहिला मेन रोड व्हिक्टोरिया राणीच्या नातवाच्या, अल्बर्ट व्हिक्टरच्या नावाचा होता. आता तो आलूर वेंकटरायांचा आहे. टिळकांचं 'गीतारहस्य' कानडीत आणलं ते हेच. मराठी माणसानं तिथं क्षणभर थांबायला हरकत नाही, पण मागून रिक्षा येते.

भाच्याचं उत्तर लगेच आलं : "मामा, डिसेंबरात निघू या. तुम्ही पुढे, मी मागे."

मी कळवलं, ये. आधी दोघं मिळून मार्केटचा चौक ओलांडून बघू.