अमृतभोक्ते

वैशाख शुद्ध पंचमीस शिरगावात श्रीलईराईची जत्रा भरली, वेताच्या काठ्या हाती घेतलेले धोंड अग्निदिव्याची वाट पाहत गावभर पांगले आणि घरोघरी पाहुण्यांची पाने मांडली गेली, की ज्यांना कोणी बोलावलेले नसते आणि ज्यांच्यावाचून एकही पंगत पुरी होत नाही, असे एक सद्गृहस्थ दारात उभे राहतात. त्यांचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. डिचोली महालात गावोगावी त्यांचे जातभाई आहेत.

पहिला घास ओठांशी येण्याआधीच त्यांचा फैसला होतो : "अमृत गे वहिनी, अमृत!" मग खतखत्यात तिरफळे अंमळ जास्त पडलेली असोत, सोलकढी पाणचट असो की मणगणे बुडाला लागलेले असो, शेरा कायम. आगंतुक म्हणून कोणी डोळे वटारलेच, तर ते साक्षात मनुस्मृतीचा दस्तऐवज हजर करतात : याचना करून मिळते ते मृत, न मागता मिळते ते अमृत. "मी कधी कोणाकडे मागितले?" हा त्यांचा सवाल बिनतोड आहे, कारण ते खरोखरच मागत नाहीत, नुसते बसतात.

व्यासंग दांडगा. ग्रीक देवांचे अम्ब्रोसिया आणि आपले अमृत एकाच धातूच्या पोटचे, हे त्यांनीच मला तिसऱ्यांदा भात वाढून घेताना सांगितले. 'पीयूष' म्हणजे अमृत तसेच नुकत्याच व्यालेल्या गाईचे दूधही, हा अमरकोशातला अर्थ तर त्यांनी इतका मनावर घेतला आहे, की कोणाच्या गोठ्यात गाय व्याल्याची खबर धन्याच्या आधी त्यांना लागते आणि पोस वाफेवरून उतरते न उतरते तोच स्वारी 'सहज' डोकावते. अमृताचा भाव इतका उतरवल्याबद्दल माझा त्यांच्यावर राग होता.

पुढे खाणी खोल गेल्या, शिरगावच्या विहिरी आटल्या. एका जत्रेच्या टळटळीत दुपारी ते आमच्या ओसरीवर टेकले. घरात टँकरचे पाणी होते, तांब्या दिला. त्यांनी तो एका दमात रिता केला आणि चकार शब्द काढला नाही.

"कसे काय? अमृत ना?" मी डिवचले.

"पाणी," ते म्हणाले, "आणखी एक तांब्या मिळेल का?"

त्यांनी काही मागितलेले मी त्या दिवशी प्रथमच ऐकले.