असंगत भित्तिचित्रमीमांसा : हिंगोली संप्रदाय

व्याख्या : ज्याच्या कृतीत आशय व अवकाश यांचा मेळ बसत नाही आणि तरीही गिऱ्हाईक ज्याचे पैसे चुकते करते, तो असंगतवादी चित्रकार. लोकव्यवहारात यास ‘पेंटर’ म्हणतात.

पूर्वपीठिका : बेल्जियमचे रने मॅग्रित यांनी १९२९च्या सुमारास पाइप रंगवून तो पाइप नसल्याचे खाली लिहून टाकले. आपल्याकडे प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) यांनी डब्यातल्या एनॅमल रंगास कॅनव्हासवर प्रतिष्ठा दिली. १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला व पाट्यांवर जुने जिल्हानाम पुसून नवे लिहिणे प्राप्त झाले. तोच संप्रदायाचा सुवर्णकाळ मानावा.

जीवनचर्या : चित्रकार शिडीवर चढून खडू लावलेल्या दोरीचा फटका भिंतीवर मारतो. सरळ रेषा उमटते. तिचे पुढे पालन होतेच असे नाही.

प्रकार चार :

१. अक्षरसंकोचवादी. ‘किराणा व जनरल’ एवढे टपोरे लिहून होताच भिंत संपते. ‘स्टोअर्स’ कसे बसवावे, यावरून दोन उपपंथ पडले : विजेच्या मीटरला वळसा घालणारे वळसापंथी आणि ‘स्टो’ वर ठेवून ‘अर्स’ खाली सोडणारे खंडनपंथी.

२. निषेधवादी. ‘येथे जाहिरात लावू नये’ ही सूचनाच इतकी ऐसपैस लिहितात, की जाहिरातीस जागा उरत नाही. मॅग्रितशी नाते येथे सिद्ध होते.

३. सागरवादी. वसमतच्या मोंढ्यात हळद घेऊन आलेल्या ट्रकच्या फाळक्यावर नारळीची झाडे, शिडाची होडी व मावळता सूर्य आढळतो. जिल्ह्यात कयाधू नदी आहे, समुद्र नाही. या आक्षेपास सागरवाद्यांनी उत्तर दिलेले नाही.

४. दृष्टिभेदवादी. निवडणुकीच्या भिंतीवर नेत्याचा एक डोळा मतदाराकडे, दुसरा बसस्थानकाकडे असतो. विरोधी आचार्य यास वास्तववाद म्हणतात.

स्वाक्षरी : ती मोबाइल क्रमांकासह येते व बहुधा मूळ मजकुराहून सुवाच्य असते.

निर्णय : फ्लेक्सवर संगणक अक्षरे मोजून बसवतो, त्यामुळे असंगतीस आधारच उरत नाही. संप्रदाय क्षीण होत आहे. तरी दिवाळीची रंगसफेदी काढण्यापूर्वी प्रत्येकाने आपली भिंत तपासावी आणि कोपऱ्यात सुटे ‘अर्स’ आढळल्यास त्यावर चुना फिरवू नये.