बंद पडणारी गाडी: निदानाचे पहिले धडे, उतई आवृत्ती

गाडी मुळीच सुरू होत नसेल, तर हा धडा तुमच्यासाठी नाही. त्यात मजाही नाही. बहुतेक वेळा बॅटरी बदलली की खेळ संपतो. तुमची गाडी मात्र सेल्फ मारताच सुरू होते, दोन-चार मिनिटं सरळ चालते, एक आचका देते आणि गप्प होते. पुन्हा सुरू होते, पुन्हा गप्प. अशा गाडीवर माणूस महिनेच्या महिने आशा लावून बसू शकतो आणि मिस्त्रीचं दुकान आशेवरच चालतं. सरावासाठी जागा उतई धरू: दुर्ग जिल्हा, भिलाईच्या दक्षिणेला, मे महिना, दुपारचे दोन. इतर गावच्या वाचकांनी ऊन आपापल्या मानाने कमी करून घ्यावं.

पायरी १. बॉनेट उघडा.
पेट्रोलचा प्रवास मागून पुढे होतो: टाकी, टाकीतला पंप, फिल्टर, नळी, मग इंजेक्टर. पंपापर्यंत पोचायचं तर बऱ्याच मोटारींत मागची सीट उचलावी लागते. तरीही बॉनेटच उघडा. मागच्या सीटखाली डोकं घालून बसलेल्या माणसाजवळ कोणी थांबत नाही. उघड्या बॉनेटपाशी मात्र सगळे थांबतात, आणि पुढच्या पायरीला माणसं लागतात.

पायरी २. तज्ज्ञ जमू द्या.
पहिला येईल तो सायकलवाला. विचारेल, "का होगे भैया, तेल सिरागे का?" म्हणजे, पेट्रोल संपलं का? रागावू नका, दिवसभरात मुद्द्याला धरून विचारला गेलेला हा एकमेव प्रश्न असेल. काट्याकडे बोट दाखवा, हसा आणि त्याला वाटेला लावा. काटा खोटं बोलू शकतो, ही शंका मनात आणू नका.

दुसरे काका पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेले असतील. भिलाईची पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली. तेव्हापासून उष्णतेबद्दल मत नसलेला माणूस या भागात शोधून सापडत नाही. काका सांगतील, उन्हानं नळीतच पेट्रोलची वाफ झाली, ओला फडका टाका. हे ज्ञान शंभर टक्के खरं आहे, फक्त ते पद्मिनी आणि ॲम्बॅसिडरचं आहे. त्या गाड्यांचा पंप इंजिनला चिकटलेला असायचा, पेट्रोल ओढून घ्यायचा, तापला की वाफ धरायचा आणि फडक्यानं खरोखर शुद्धीवर यायचा. तुमच्या गाडीचा पंप टाकीत पेट्रोलमध्ये बुडून बसलाय आणि तिथून सुमारे तीन बार दाबानं पेट्रोल पुढे ढकलतोय. त्या दाबाखाली सहजासहजी वाफ धरत नाही. तरी फडका टाका. काकांचा मान राहतो.

गंमत म्हणजे वीस मिनिटांनी गाडी सुरू होईल. थकलेला विजेचा पंप तापला की दम तोडतो आणि थंड झाला की पुन्हा चालतो. वीस मिनिटं थांबल्याचा हा गुण. श्रेय मात्र फडक्याला द्या आणि एक फडका कायमचा डिकीत ठेवा. टाकी नेहमी रिझर्व्हवर चालवायची तुमची सवयही सोडू नका. पंपाला गारवा मिळतो तो भोवतीच्या पेट्रोलमुळे, पण पाचशेच्या वर पेट्रोल एकदम भरवणं मनाला बरं वाटत नाही, हे आम्ही समजू शकतो.

केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचं प्रशिक्षण केंद्र उतईलाच आहे, म्हणून धक्का मारायला तगडे जवान मिळतील, असं कोणीतरी सुचवेल. जवान त्यांच्या कामात असतात. शिवाय सेल्फवर सुरू होणाऱ्या गाडीला धक्का कशासाठी, हे विचारणारा माणूस गर्दीत नसतो.

पायरी ३. नागपूरला फोन लावा.
१९५६ पर्यंत या मुलखाची राजधानी नागपूर होती. दुर्ग-भिलाईच्या मराठी घरांत ती अजून हललेली नाही. तिथे एक मामा असतातच. मामांनी मारुती ८०० वापरलेली असते, कार्ब्युरेटरवाली. ते फोनवर गाडीचा आवाज ऐकतील आणि म्हणतील, "जेटमध्ये कचरा आहे, बावा. फुंकर मारून घे." तुमच्या गाडीला जेट नाही. नव्या मोटारींतून कार्ब्युरेटर २००० च्या आसपास हद्दपार झाला. हे मामांना सांगू नका. "हो मामा" म्हणा आणि मामीची तब्येत विचारा.

पायरी ४. पेट्रोलला शिव्या द्या.
हल्ली हे फार सोपं झालंय. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आल्यापासून वायपर अडकला तरी इथेनॉलवर ढकलता येतं. इथेनॉल पाणी शोषतं, हे खरं. पाणी फार झालं की ते इथेनॉलला घेऊन पेट्रोलपासून वेगळं होतं आणि टाकीच्या तळाशी जाऊन बसतं, हेही खरं. पंप तळाशीच तोंड लावून असतो. म्हणून नळीत उरलेल्या चांगल्या पेट्रोलवर गाडी सुरू होते आणि मागून पाणी पोचलं की मरते. थोरामोठ्यांनाही हे चुकलेलं नाही: जून २०२५ मध्ये रतलामला मध्य प्रदेशच्या मुख्यमंत्र्यांच्या ताफ्यातल्या १९ गाड्या डिझेल भरल्यावर बंद पडल्या, कारण डिझेलमध्ये पाणी निघालं. ते डिझेल देणारा पेट्रोल पंप सील झाला.

पण तुम्ही फक्त शिव्या द्या. पेट्रोल पंपावर जाऊन फिल्टर पेपर मागू नका. तो मागितला की द्यावा लागतो, त्यावर एक थेंब टाकून वाळू दिला की डाग राहतो का ते कळतं. घनताही मोजून दाखवावी लागते. पाणी आहे का हे बाटलीत थोडं पेट्रोल काढून ठेवलं तरी दिसतं. एवढं करून काहीच निघालं नाही, तर शिव्या कोणाला देणार?

पायरी ५. फुकटच्या तपासण्या कटाक्षाने टाळा.
किल्ली फिरवून, सेल्फ न मारता, मागच्या सीटखालून दोन सेकंद येणारी गुणगुण ऐकू नका. पंपाला वीज पोचते का ते उगाच समजेल. त्यासाठी एसी आणि गाणी चालू ठेवा.
गाडी बंद पडताच टाकीचं झाकण उघडू नका. "फुस्स" आवाज आला आणि गाडी लगेच सुरू झाली, तर टाकीत हवा जायची वाट बुजली आहे एवढंच कळेल.
हॉर्नचा रिले आणि पंपाचा रिले बऱ्याच गाड्यांत सारखेच असतात. अदलाबदल करून बघू नका.

पायरी ६. पार्ट बदला.
हा अभ्यासक्रमाचा गाभा. नियम एकच: किमतीने मोठा पार्ट आधी. मिस्त्री म्हणेल, "भैया, पहले पंप डाल के देखते हैं." "देखते हैं" हे लक्षात ठेवा, बघणार तो, पैसे भरणार तुम्ही. पंप झाला की इंजेक्टर, मग कॉइल, मग प्लग, मग थ्रॉटल बॉडीची सफाई. प्रत्येक कामानंतर गाडी दुकानापासून पहिल्या वळणापर्यंत उत्तम चालेल. जुना पार्ट परत मागू नका, संबंध बिघडतात. शंभर-दोनशेचा रिले आणि पंपाच्या तोंडाची जाळी यादीत सर्वांत शेवटी ठेवा. शक्य असेल तर विसराच.

पायरी ७. गेज.
इंधनाचा दाब मोजायचं गेज नावाची वस्तू असते. ते नळीवर जोडायचं, गाडी चालू ठेवायची आणि काट्याकडे बघत बसायचं. इंजिन मरण्याआधी काटा पडला, तर दोष पेट्रोलच्या वाटेवर. काटा जागेवर आणि इंजिन मेलं, तर पेट्रोलला सोडा. करंट किंवा सेन्सर बघा. अर्ध्या तासात अर्धे संशयित सुटतात. पहिल्याच दिवशी असं केलं तर वरच्या सहा पायऱ्या वाया जातील, म्हणून गेजवाला मिस्त्री भिलाईत कुठे आहे याची चौकशी तुमच्याकडचे पैसे संपल्यावरच करा.

पायरी ८. गाडी विका.
बिलांची फाईल लावा. जाहिरातीत लिहा: पंप नवीन, इंजेक्टर नवीन, कॉइल नवीन, प्लग नवीन. यातलं एकही अक्षर खोटं नाही. गिऱ्हाईक सकाळी सातला बोलवा, ऊन चढायच्या आत. किल्ली त्याच्याच हातात द्या. पहिल्या सेल्फला सुरू होईल. ती नेहमीच होते. चक्कर मारायला पहिल्या वळणापर्यंतच न्या आणि रिले कुठे असतो ते विचारणारा आला, तर गाडी विकायचा विचार रद्द झाल्याचं सांगा.