अबोला सोडवण्याची शास्त्रोक्त पद्धत

लॅपटॉपचा आवाज गेला असे म्हणणे ही भाषेची ढिलाई आहे. आवाज कुठेही गेलेला नसतो. विंडोज ११ घेऊन पाहिली, पटली नाही, रीतसर विंडोज १० वर परतलो आणि परतल्यावर खालच्या उजव्या कोपऱ्यातल्या कर्ण्यावर लाल फुली दिसू लागली, एवढीच हकीगत असते. त्या फुलीवर माउस नेला की विंडोज सांगते, या यंत्रात आवाज बाहेर काढणारे कोणतेही उपकरण बसवलेले नाही. हे विधान धर्मशास्त्रातल्या वचनासारखे शब्दशः वाचावे. स्पीकर फाटला किंवा जळला असे ते म्हणत नाही. असा कोणी इसम आमच्या माहितीत नाही, असे म्हणते. परवापर्यंत ज्याच्या तोंडून गाणी ऐकली त्याला आज ओळख न दाखवणे, याला आपल्याकडे बिघाड म्हणत नाहीत, अबोला म्हणतात. अबोल्यावर स्क्रूड्रायव्हर चालत नाही, हे ज्या घरात दोन माणसे राहतात त्या घराला सांगावे लागू नये. प्रस्तुत मार्गदर्शनाचा सगळा डोलारा याच भेदावर उभा आहे. कोण कोणाशी बोलेनासे झाले हे आधी ठरवावे आणि मग सर्वांत खालच्या पायरीपासून समजूत घालत वर यावे. वरून सुरुवात केली की प्रत्येक दुरुस्तीतून एक नवा रुसवा निघतो.

परतणे म्हणजे नेमके काय घडते, ते पाहू. नवी विंडोज बसताना जुनी ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाच्या फोल्डरात बांधून माळ्यावर टाकली जाते. ती खाली काढायला दहा दिवस मिळतात. २०१५ मध्ये विंडोज १० आली तेव्हा ही मुदत तीस दिवसांची होती. पुढच्याच वर्षी ती दहावर आणली गेली. परतीचे बटण दाबले की विंडोज आधी जाण्याचे कारण विचारते, मग एखादा अपडेट घेऊन पाहता का असे सुचवते, काही प्रोग्राम पुन्हा बसवावे लागतील अशी ताकीद देते, जुना पासवर्ड आठवतो ना याची खात्री करून घेते आणि शेवटी आभारही मानते. निरोपाचा एवढा थाट, पण आवाजाविषयी एक अक्षर नाही. बदली रद्द होऊन जुन्या टेबलावर परतलेला कारकून डोळ्यांपुढे आणावा. टेबल तेच, खुर्ची तीच. पण मधल्या दहा दिवसांत कपाटाची किल्ली दुसऱ्याकडे गेली आहे, शिपाई नवा आहे आणि हजेरीपटावर त्याच्या नावापुढे ‘कार्यमुक्त’ असा शेरा पडला आहे. परतीचा हुकूम त्याच्या खिशात आहे. कपाटाला त्याची प्रत मिळालेली नाही. लॅपटॉपमध्येही विंडोजच्या फायली मागे जातात, मात्र मधल्या काळात मदरबोर्डावरच्या चिपमध्ये नवे फर्मवेअर लिहिले गेले असेल तर ते जिथल्या तिथे राहते. दहा दिवस उलटून गेलेले असतील तर विंडोज १० कोऱ्या पाटीवर बसवावी लागते आणि जुन्या ड्रायव्हरांचे गाठोडे हाती लागतच नाही. (ज्या विंडोज १० चा नेहमीचा सांभाळ मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला, तिच्याकडे परतावेच कशाला, हा प्रश्न रास्त आहे. पण तो परतण्याआधी विचारायचा असतो.)

हा रुसवा आजकालच्या लॅपटॉपांचे लाड झाल्यामुळे आलेला आहे, असा कोणाचा समज असेल तर इतिहास वेगळी साक्ष देतो. २००७ च्या जानेवारीत विंडोज व्हिस्टा बाजारात आली आणि व्हिस्टासह विकत घेतलेल्या लॅपटॉपांवर लोकांनी पुन्हा एक्सपी चढवली. एक्सपी २००१ ची. इंटेलने हाय डेफिनिशन ऑडिओ नावाची व्यवस्था आणली २००४ मध्ये, आधीच्या एसी-९७ च्या जागी. म्हणजे आजोबांना नातवाच्या शाळेची वाटच ठाऊक नव्हती. ती वाट दाखवण्यासाठी मायक्रोसॉफ्टने केबी ८८८१११ या क्रमांकाची एक ठिगळी काढली होती. ती आधी लावली तर आवाजाच्या चिपा बनवणाऱ्या रिअलटेकचा ड्रायव्हर बसे, नाही तर अर्ध्यावर हात टेकी. पुढे २००८ मध्ये एक्सपीचा तिसरा सर्व्हिस पॅक आला आणि प्रकरणाला कचेरीचा खरा वास आला. ठिगळी लावायला गेले की तिचा इन्स्टॉलर सांगे, तुमची प्रणाली या दुरुस्तीपेक्षा नवी आहे, सबब गरज नाही. गरज तर होतीच. तेव्हा जाणकार मंडळी ती ठिगळी उसवून आतली फाइल बाहेर काढत, डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन ती हाताने दाखवत, आणि मग रिअलटेक बोलू लागे. या जुन्या प्रकरणातून आपल्या कामाचे एवढेच घ्यायचे: तिथे चिप, स्पीकर, ड्रायव्हर सगळे धडधाकट होते, मधली एक पायरी गाळली गेली म्हणून वरच्या सगळ्यांनी तोंडे मिटली होती.

पायऱ्या कोणत्या, तर सर्वांत खाली स्पीकर. त्याच्या वर कोडेक नावाची चिप. ही आकड्यांचे विजेच्या लहरींत रूपांतर करते. तिच्या वर कंट्रोलर, आणि बऱ्याच नव्या लॅपटॉपांत या जागी इंटेलची स्मार्ट साउंड टेक्नॉलॉजी बसलेली असते. त्याच्या वर ड्रायव्हर, म्हणजे दुभाषी. सर्वांत वर विंडोजची ऑडिओ सेवा, जी फक्त दुभाष्याचे ऐकते. पहिला आक्षेप इथेच येतो: कशावरून सगळा दोष वरच्यांचा? परत येता येता स्पीकरच उडाला नसेल कशावरून? योगायोग अशक्य नसतो, तेव्हा चौकशी करावी. अनेक लॅपटॉपांत विंडोज सुरू होण्याआधी चालणारी एक तपासणी असते आणि तिच्यात स्पीकरमधून सूर वाजवून दाखवतात. तो ऐकू आला तर खालच्या दोन पायऱ्या निर्दोष सुटल्या. तशी सोय नसेल तर लिनक्स असलेल्या पेन ड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू करून एखादे गाणे लावावे. या पुराव्याचे वजन मात्र एकतर्फी आहे. गाणे वाजले तर स्पीकर शाबूत असल्याची खात्री झाली. वाजले नाही तर काहीच सिद्ध झाले नाही, कारण नव्या चिपांसाठी लिनक्सलाही वेगळे फर्मवेअर लागते आणि ते त्या पेन ड्राइव्हवर असेलच असे नाही. याच फेरीत बायोसमध्ये डोकावून ऑडिओ कंट्रोलर चालू ठेवला आहे ना, हेही पाहून घ्यावे.

मग किरकोळ मानपान उरकावेत. त्यांत फार वेळ घालवू नये. लाल फुली नसून नुसतीच शांतता असेल, तर आवाज एचडीएमआयने जोडलेल्या मॉनिटरकडे जात असण्याची शक्यता मोठी. पुष्कळ मॉनिटरांना स्पीकर नसतो, पण मान घेण्याच्या बाबतीत ते मागे राहत नाहीत. साउंडच्या जुन्या खिडकीत उजवे बटण दाबून बंद उपकरणेही दाखवायला सांगावे आणि लॅपटॉपच्या स्पीकरला मुख्य आसन द्यावे. सर्व्हिसेसच्या यादीत ‘विंडोज ऑडिओ’ आणि ‘विंडोज ऑडिओ एंडपॉइंट बिल्डर’ या दोन सेवा चालू आहेत ना ते पाहावे. पहिली दुसरीवर अवलंबून असल्याने आधी दुसरी उठवावी. आता “बंद करून चालू करा” हा सर्वज्ञांचा सल्ला. तो उडवून लावण्यासारखा नाही. त्याचा अर्थ तेवढा नीट कळला पाहिजे. २०१२ मधल्या विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप नावाची सोय आली आणि तेव्हापासून बंद केलेला लॅपटॉप पुरता बंद होत नाही. गाभा जसाच्या तसा डिस्कवर लिहून ठेवून तो डुलकी घेतो आणि सकाळी तोच रुसवा घेऊन उठतो. ‘रीस्टार्ट’ मात्र खरोखरच सगळे पुसून नव्याने सुरू करते. म्हणजे लॅपटॉप बंद करायचा असेल तर तो चालू करण्याचे बटण दाबावे.

एवढ्यावर भागले नाही तर दुभाष्याकडे वळावे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळ्या खुणेचे उपकरण शोधून त्याचा शेरा वाचावा. कोड २८ म्हणजे दुभाषी नेमलेलाच नाही. कोड १० म्हणजे नेमला आहे, पण उपकरण कामाला उठत नाही. मग तपशिलाच्या पानावर हार्डवेअर आयडी पाहावा. या लांबलचक ओळीत यंत्राची सगळी कुळकथा असते. ‘व्हीईएन’पुढचा आकडा म्हणजे गोत्र: १०ईसी असेल तर रिअलटेक, ही तैवानची कंपनी जिच्या चिपांवर खेकड्याची मुद्रा असते, ८०८६ असेल तर इंटेल, जिने आपल्या १९७८ मधल्या प्रोसेसरचा क्रमांकच गोत्र म्हणून घेतला. ‘डीईव्ही’पुढे चिपचा नंबर येतो आणि ‘एसयूबीएसवायएस’पुढे लॅपटॉप बनवणाऱ्याची शाखा. या शाखेकडे लोक दुर्लक्ष करतात आणि तिथेच फसतात. एकच खेकडा वीस कंपन्यांच्या लॅपटॉपांत असतो, पण कोणती पिन स्पीकरची आणि कोणती हेडफोनची, ॲम्प्लिफायर केव्हा जागा करायचा, हे घराघरांत वेगळे ठरलेले असते. म्हणून ड्रायव्हर आणायचा तो लॅपटॉपच्या कंपनीकडून, नेमक्या त्याच मॉडेलचा आणि विंडोज १० चा. आधी जुना काढावा, काढताना ड्रायव्हरचे सॉफ्टवेअरही पुसून टाकण्याच्या चौकोनात खूण करावी, रीस्टार्ट करावे, आणि मग खालून वर: प्रथम चिपसेट, नंतर इंटेलचा साउंड कंट्रोलर असेल तर तो, शेवटी रिअलटेक. काहींना पहिल्या दोन पायऱ्या गाळण्याची घाई असते. मग स्पीकर बोलतो पण लॅपटॉपचा अंगचा माइक गप्प राहतो, कारण त्याची वाट बहुधा इंटेलच्या कंट्रोलरमधून जाते, आणि ऑनलाइन मीटिंगमध्ये आपले ओठ तेवढे हलताना दिसतात.

यावर दुसरा आक्षेप: एवढी वंशावळ कोण वाचणार? सगळे ड्रायव्हर एका झटक्यात शोधून बसवणारी फुकट सॉफ्टवेअरे मिळतात की. मिळतात खरी. ती गोत्र पाहतात, शाखा पाहतीलच याचा भरवसा नसतो, आणि मोबदला म्हणून सोबत एखादे ब्राउझर नि दोन ‘क्लीनर’ ठेवून जातात. त्यापेक्षा मायक्रोसॉफ्टचा ‘हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस’ नावाचा सर्वसाधारण ड्रायव्हर बरा. तो विंडोजमध्ये आधीपासून असतो, उपलब्ध यादीतून हाताने निवडता येतो, आणि पुष्कळ लॅपटॉपांत तेवढ्यावर आवाज येतोही; जरा बसका येतो, पण येतो. तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: जुना कशाला शोधता, सर्वांत नवा ड्रायव्हर घ्या, विंडोज अपडेट तो आपणहून देते. याला उत्तर म्हणून २०१८ चा ऑक्टोबर पुरेसा आहे. त्या महिन्यात इंटेलचा ९.२१.००.३७५५ या आवृत्तीचा ऑडिओ ड्रायव्हर विंडोज अपडेटमार्फत नको त्या संगणकांवर पोहोचला आणि त्यांचा आवाज बंद पडला. मायक्रोसॉफ्टला तो काढून घेण्यासाठी केबी ४४६८५५० हा आणखी एक अपडेट पाठवावा लागला. तिथे कोणी मागे परतलेही नव्हते, घरबसल्या अबोला आला होता. तेव्हा नव्या-जुन्याचा वाद बाजूला ठेवावा आणि या लॅपटॉपचा, या विंडोजचा, एवढ्या दोनच कसोट्या लावाव्यात.

शेवटचा आक्षेप फॉरमॅटवाद्यांचा, आणि त्यात तथ्य नाही असे म्हणवत नाही. सगळे पुसून विंडोज पुन्हा टाकली तर कधी कधी आवाज येतो. पण तो का येतो? कोऱ्या विंडोजला कोणताही जुना दुभाषी आठवत नाही, त्यामुळे ती पहिल्यापासून, योग्य क्रमाने, एकेकाची ओळख करून घेते. हेच काम वर सांगितलेल्या रीतीने तासाभरात होते आणि त्यापायी घरातले फोटो, हिशेब आणि टायपिंगचे फॉन्ट पुन्हा जमवावे लागत नाहीत. शिवाय फॉरमॅटने पुसली जाते ती डिस्क. बदललेले फर्मवेअर तिच्यावर नसतेच, त्यामुळे रुसव्याचे मूळ तिथे असेल तर फॉरमॅट झाल्यावरही लाल फुली स्वागताला हजर असते. तशा वेळी लॅपटॉपच्या कंपनीने त्या फर्मवेअरची, म्हणजे बायोसची, जुनी आवृत्ती परत घालू दिली आहे का ते पाहावे; काही कंपन्या मागे जाऊ देत नाहीत, आणि मग आताच्याहून नवीच चढवून पाहावी लागते. फॉरमॅटला या क्रमात जागा आहे, ती याच्याही नंतर.

समेट झाला की तो टिकवण्याची तजवीज लगेच करावी. विंडोज अपडेट काही आठवड्यांसाठी थांबवावा, नाहीतर तो रात्रीतून आपल्या पसंतीचा दुभाषी पुन्हा आणून बसवतो. चाललेल्या ड्रायव्हरची इन्स्टॉल फाइल जपून ठेवावी. तीही एकट्या लॅपटॉपवर नको, पेन ड्राइव्हवरही असावी. मग साउंडच्या खिडकीत ‘टेस्ट’ बटण दाबावे. पण त्याच्या आधी एक खबरदारी आहे, आणि ती घेण्याचे कोणाला सुचत नाही. गेल्या दोन दिवसांच्या शांततेत आपण टास्कबारवरचा आवाज शंभरावर नेला आहे, मिक्सरमधला शंभरावर, ब्राउझरातल्या व्हिडिओचा शंभरावर, रिअलटेकच्या खिडकीतला शंभरावर, आणि ‘लाउडनेस’च्या चौकोनातही खूण करून ठेवली आहे. समेट बहुधा मध्यरात्रीच्या पुढे होतो. तेव्हा आधी हे सगळे दहावर आणावे, दार लोटून घ्यावे आणि मग बटण दाबावे.